कुणाचा चष्मा, कुणाच्या डोळ्यांवर

शहरी मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या एखाद्या खणात दोन-तीन जुने चष्मे पडून असतातच. नंबर बदललेला असतो, फ्रेम जुनाट वाटू लागलेली असते, किंवा घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं आणि त्यांचा चष्मा टाकवत नसतो. दुसरीकडे डोंगरातल्या पाड्यांवर चष्म्यावाचून अडलेली माणसं आहेत, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मग इथले चष्मे तिकडे पोहोचवावेत, ही कल्पना ऐकणाऱ्याला लगेच पटते. ती नवीही नाही. हेलन केलर यांनी १९२५ साली लायन्स क्लबच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं आणि पुढे जुने चष्मे गोळा करणं हा लायन्सचा जगभरचा उपक्रम झाला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९३२ साली ‘न्यू आइज फॉर द नीडी’ ही संस्था जुन्या चष्म्यांचा उपयोग व्हावा म्हणूनच सुरू झाली. म्हणजे या विचाराला शंभर वर्षं होत आली. एवढ्या काळात त्याच्या बाजूने आणि विरोधात बराच पुरावा साठला आहे आणि तो एकत्र मांडून पाहिला तर निष्कर्ष दात्यांना फारसा रुचणारा निघत नाही. चष्मा आणि माणूस यांची जुळवणी दान आलेल्या पेटीतल्या चष्म्यापासून सुरू केली तर ती बहुतेक वेळा फसते. माणसापासून आणि त्याच्या कामापासून सुरू केली, तर पेटीची गरज फार थोड्या ठिकाणी उरते.

हे तपासून पाहायला नाशिक जिल्ह्यातलं वणी सोयीचं आहे. दिंडोरी तालुक्यातलं, सप्तशृंगी गडाजवळचं हे बाजाराचं गाव नाशिकहून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वणीला कुणी दुर्गम म्हणणार नाही. पण दुर्गम भाग जिथून सुरू होतो ते हे ठिकाण. एका अंगाला दिंडोरी-निफाडची द्राक्षं आणि टोमॅटोची बागायत, दुसऱ्या अंगाला कळवण, सुरगाणा आणि पेठचा आदिवासी पट्टा. द्राक्षाच्या हंगामात त्या पट्ट्यातली कुटुंबं या बागांत मजुरीला येतात. नाशिक शहरात डोळ्यांच्या दवाखान्यांना तोटा नाही. पण सुरगाण्याकडच्या पाड्यावरून नुसत्या नंबरासाठी नाशिकला यायचं तर एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि चष्मा तयार झाल्यावर तो न्यायला पुन्हा तेवढाच खर्च. अशा माणसाच्या हातात फुकट चष्मा ठेवणारा उपक्रम वाईट कसा असेल, असं वाटणं साहजिक आहे. उपक्रम वाईट नाहीच. प्रश्न इतकाच, की त्या चष्म्यातून त्याला दिसतं का.

चष्मा म्हणजे एक नंबर, असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात तो सात-आठ आकड्यांचा संच असतो. प्रत्येक डोळ्याचा गोलीय नंबर वेगळा, त्यावर सिलिंडर असेल तर त्याचा आकडा आणि तो कोणत्या कोनात बसवायचा तो अ‍ॅक्सिस, चाळिशी लागली असेल तर जवळचा वाढीव नंबर, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला चष्म्याच्या दुकानात पीडी म्हणतात. आता साधा हिशेब करू. गोलीय नंबर उणे चारपासून अधिक चारपर्यंत पाव-पावच्या टप्प्यांनी धरला तर ३३ शक्यता होतात. सिलिंडर शून्य ते दोन, अर्ध्या-अर्ध्याने, आणि अ‍ॅक्सिस दहा-दहा अंशांनी धरला तर त्यातून ७३ प्रकार निघतात. म्हणजे एका डोळ्याचे २,४०९ प्रकार आणि दोन डोळ्यांची मिळून ५८ लाखांहून अधिक जोड्या. यात जवळचा नंबर आणि पीडी अजून आलेलेच नाहीत. अर्थात माणसांचे डोळे या ५८ लाख खान्यांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांचे दोन्ही डोळे जवळपास सारखे असतात आणि मोठे नंबर कमी लोकांना असतात. तरीही एखाद्या पेटीतल्या तीनशे चष्म्यांतून समोर बसलेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी जुळणारा चष्मा निघणं किती अवघड, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

अंदाजावर थांबायची गरज नाही. २०१२ साली डेव्हिड विल्सन, ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान म्हणून आलेल्या २७५ चष्म्यांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातले फक्त ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. बाकीच्यांच्या काचा चरे पडलेल्या, फ्रेम मोडक्या किंवा नंबर असा की तसा दुसरा डोळा सापडणं मुश्कील. गोळा करणं, धुणं, लेन्सोमीटरवर नंबर मोजणं, वर्गवारी लावणं आणि पाठवणं हा सगळा खर्च धरला तर वापरता येणारा एकेक चष्मा २०.४९ डॉलरला पडत होता. नवा तयार चष्मा त्याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचवता येत होता. फुकट मिळालेली वस्तू नव्या वस्तूच्या दुप्पट महाग पडत होती. अंधत्व निवारणाच्या क्षेत्रातल्या संस्थांची शिखर संघटना, इंटरनॅशनल एजन्सी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ब्लाइंडनेस, हिने जुने चष्मे नेत्रसेवेच्या कार्यक्रमांत घेऊ नयेत अशी जाहीर भूमिका घेतली, ती अशाच कारणांनी. आपल्याकडच्या रोटरी-लायन्सच्या शिबिरांत ही भूमिका कितपत पोहोचली आहे, हा वेगळा विषय.

नमुन्यातले ९३ टक्के का बाद झाले याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात आणि त्यातलं दुसरं क्वचितच बोललं जातं. पहिलं कारण मोडतोड. दुसरं असं, की चष्मा दान करणारा आणि चष्म्याची गरज असलेला हे दोघं एकाच प्रकारचे डोळे घेऊन आलेले नसतात. दान येतं ते मुख्यतः शहरातून. शिकलेल्या, बसून काम करणाऱ्या लोकांत लांबचं अंधूक दिसण्याचं, म्हणजे उणे नंबराचं प्रमाण जास्त असतं, आणि वय झालेल्यांचे चष्मे बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असतात. वणीच्या परिसरात मोठी गरज आहे ती चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचं दिसण्याची, आणि ती साध्या अधिक नंबराच्या, दोन्ही बाजूंना सारख्या काचेने भागते. जे भरपूर येतं ते लागत नाही आणि जे लागतं ते येत नाही. बायफोकलचंच पाहा. त्याचा जवळचा भाग काचेच्या तळाशी असतो, कारण वाचणारा माणूस खाली पाहतो. मंडपाच्या द्राक्षबागेत विरळणी करणारी बाई वर पाहते. घड तिच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा डोक्यावर लोंबत असतो, हातात टोकदार कात्री असते आणि मणी कापताना शेजारच्या मण्याला इजा होऊ द्यायची नसते. बायफोकल लावला तर तिची नजर नेमकी लांबच्या भागातून जाते. मान मागे टाकून हनुवटी वर करून काम करायचं, किंवा चष्मा काढून ठेवायचा, हे दोनच मार्ग तिच्यापुढे राहतात. नाशिकच्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाचा उत्तम प्रतीचा बायफोकल तिच्या नंबराशी अगदी तंतोतंत जुळला, तरी तो तिच्या कामाशी जुळलेला नसतो.

यावर अलीकडचं उत्तर संगणकाचं आहे. दान आलेला प्रत्येक चष्मा मोजून त्याची नोंद करायची, माणसाचा तपासलेला नंबर टाकायचा आणि त्यातल्या त्यात जवळचा चष्मा यंत्राने सुचवायचा. परदेशातल्या काही गटांनी असे साठे बांधले आहेत आणि पेटीत हात घालून चष्मे लावून बघण्यापेक्षा ते नक्कीच चांगलं. पण यंत्र जुळवतं म्हणजे काय करतं, हे समजून घ्यायला हवं. नेमका चष्मा सापडत नाही म्हणून ते सवलती देत जातं. पहिली सवलत सिलिंडरची. सिलिंडरचा अर्धा आकडा गोलीय नंबरात मिळवायचा आणि सिलिंडर सोडून द्यायचा. उणे दोनवर उणे पाऊण सिलिंडर असेल तर साधारण उणे २.३७चा साधा नंबर धरायचा. छोट्या सिलिंडरला हे चालतं आणि चष्म्याचे दुकानदारही प्रसंगी असंच करतात. पण दान आलेल्या चष्म्यात स्वतःचा सिलिंडर असतो आणि तो त्या जुन्या मालकाच्या कोनात बसवलेला असतो. सिलिंडर तेवढाच पण कोन तीस अंशांनी चुकला, तर उरणारा दोष चष्मा न लावता होता तितकाच राहतो. तीसच्या पुढे गेला तर चष्म्याने दोष वाढतो आणि नव्वदला तो दुप्पट होतो. दुसरी सवलत पीडीची. उणे चारच्या चष्म्यात काचांच्या मध्यांमधलं अंतर माणसाच्या बाहुल्यांपेक्षा सहा मिलिमीटरनी जास्त असलं, तर दोन्ही डोळे मिळून सुमारे २.४ प्रिझमचा ताण पडतो. अक्षरं नीट दिसतात, पण तासाभरात कपाळ ठणकतं. असा माणूस परत येऊन तक्रार करत नाही. तो चष्मा खुंटीला अडकवतो, आणि शिबिराच्या अहवालात तो लाभार्थी म्हणूनच नोंदलेला राहतो.

संगणकी जुळवणीच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. तिचं यश साठ्याच्या आकारावर अवलंबून असतं आणि साठा लाखांत गेला तर चांगले जोड मिळू शकतात. पण लाखभर चष्मे मोजून, धुऊन, चिकटपट्ट्या लावून ठेवायला जी प्रशिक्षित माणसं आणि जागा लागते, तेवढ्या बळावर वणीला एक कायमचं दृष्टी केंद्र चालवता येईल. तिथे नंबर काढणारा माणूस, नंबरी काचांचा साठा आणि काच घासून फ्रेममध्ये बसवण्याचं यंत्र ठेवलं तर लागेल तो चष्मा जागेवर बनतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने, जे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली सुरू केलं, शिबिरातच काच बसवून त्याच दिवशी चष्मा हातात देण्याची पद्धत रुळवली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक दृष्टी केंद्र असा आराखडा उभा केला. या दोन्ही ठिकाणी जुळवणी हा शब्दच लागत नाही, कारण चष्मा माणसाच्या नंतर येतो.

महाराष्ट्राला सरसकट चष्म्याचा जुना अनुभव आहे आणि तो विसरला जातो याचं नवल वाटतं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास होण्याआधी मोतीबिंदूच्या शिबिरांत शस्त्रक्रिया झाली की नैसर्गिक भिंग काढलेलं असे आणि बदल्यात जाड काचेचा, साधारण अधिक दहाचा चष्मा मिळे. बहुतेकांना तोच एक नंबर. तो चष्मा डोळ्यांना बरोबर नसला, किंवा शेतात पडून फुटला, की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच. दुसरा चष्मा कुठे मिळणार, याला उत्तर नव्हतं. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा जो प्रकल्प झाला, त्यातून भिंगरोपणाकडे वळण मिळालं. त्यामागे या जाड चष्म्यांचं अपयश हे एक मोठं कारण होतं. एकदा दिलेला आणि पुन्हा न मिळणारा चष्मा ही अर्धवट सेवा असते, हे तेव्हाच कळलं होतं. दान आलेल्या चष्म्याच्या बाबतीत तर ही अडचण स्वभावतःच असते. तो फुटला तर तसा दुसरा साठ्यात नसतो.

आता गरजेच्या बाजूने पाहू. चाळिशी हा आजार नाही, ती सगळ्यांनाच लागते. २०१५ साली जगात सुमारे १८० कोटी लोकांना ती लागलेली होती आणि त्यांतल्या ८२.६ कोटींकडे चष्मा नव्हता किंवा होता तो पुरेसा नव्हता, असा अंदाज आहे. शहरात चाळिशी म्हणजे वर्तमानपत्र हातभर लांब धरण्याची गंमत. हातावर पोट असणाऱ्याच्या बाबतीत ती कमाईत उतरते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा साधा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या ८२४ ग्रामीण लोकांवरचा अभ्यास २०२४ साली आला. आठ महिन्यांत चष्मेवाल्या गटाचं मधलं मासिक उत्पन्न ३५.३ डॉलरवरून ४७.१ डॉलरवर गेलं, म्हणजे तेहतीस टक्क्यांहून अधिक वाढ. चहाचा मळा म्हणजे द्राक्षबाग नव्हे, हे खरं. पण पान खुडणं, मणी विरळणं, वेलीची जादा फूट काढणं, टोमॅटोची प्रतवारी, तांदूळ निवडणं, गोधडी शिवणं ही सगळी हातभर अंतरावरची, बोट आणि डोळा एकत्र चालवायची कामं आहेत. विरळणीत चुकीचा मणी कापला की घडाचा आकार बिघडतो आणि निर्यातीच्या मालात ते चालत नाही. बागाईतदार अशा मजुराला पुढच्या वेळी बोलावत नाही. त्या बाईचं वय वाढलं म्हणून हात थरथरतो असं म्हटलं जातं, आणि बऱ्याचदा हात ठीक असतो.

या गरजेची जुळवणी आश्चर्य वाटावं इतकी सोपी आहे. अधिक एकपासून अधिक तीनपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यांनी, पाच नंबरांचे तयार चष्मे ठेवले तर चाळिशीच्या बहुसंख्य लोकांचं काम भागतं. वयाचा अंदाज घेऊन एक नंबर लावायचा आणि मग माणसाच्या हातात त्याचं काम द्यायचं, सुपातले तांदूळ, सुई-दोरा किंवा द्राक्षाचा घड. लांबचा नंबर नसलेल्या, चाळिशी पूर्ण भरलेल्या माणसाला अधिक दोनचा चष्मा सुमारे अर्ध्या मीटरवर नीट दाखवतो, अडीचचा चाळीस सेंटिमीटरवर. म्हणून एकाच बाईला सुई ओवायला अडीच बरा वाटेल आणि बागेत, जिथे घड जरा लांब असतो, तिथे दीड-दोनच पुरेल. हे तक्त्यावरच्या अक्षरांवरून ठरत नाही, आणि बहुतेकींना अक्षरं वाचायचीही नसतात. ती स्वतः सांगते, हा नको, तो दे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मे महिन्यात ‘स्पेक्स २०३०’ हा उपक्रम सुरू केला, आणि जवळचे तयार चष्मे डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी देण्याचे अभ्यासक्रमही संघटनेने तयार केले आहेत. भारतात व्हिजनस्प्रिंगने दोन दशकांपूर्वीच गावातल्या बायकांच्या हाती अशा चष्म्यांची पिशवी दिली होती. आठवडे बाजारात कापडावर मांडून ठेवलेले वाचनाचे चष्मे लोक लावून बघतात आणि विकत घेतात, हेही जुळवणीचंच काम आहे. फक्त तिथे डोळा तपासणारं कुणी नसतं.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि दान केलेल्या चष्म्याची मर्यादा तिथे सर्वांत उघडी पडते. मोठ्यांच्या फ्रेम लहान चेहऱ्यावर बसत नाहीत, पीडी जुळत नाही, दांड्या कानामागून घसरतात. पण नवे चष्मे दिले की प्रश्न सुटला, असंही नाही. या लेखाच्या भूमिकेवरचा सर्वांत जोरदार आक्षेप मला पुणे जिल्ह्यातच सापडतो. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रामीण माध्यमिक शाळांतली मुलं पाहिली, ज्यांना नवे, नंबर काढून बनवलेले चष्मे आधी दिले गेले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १,०१८ मुलांपैकी फक्त २९.५ टक्के मुलं चष्मा लावून बसलेली आढळली. न लावणाऱ्यांपैकी जवळपास २० टक्क्यांनी चिडवतात म्हणून लावत नाही असं सांगितलं. म्हणजे योग्य नंबराचा नवा चष्माही दहातल्या सात मुलांच्या नाकावर नव्हता. मग जुना चष्मा आणि नवा चष्मा यात इतका फरक काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याच पाहणीत उत्तराचा धागा आहे. ज्यांचा नंबर मोठा, ती मुलं चष्मा लावत होती. ज्यांना चष्म्याने फारसा फरक पडत नव्हता त्यांनी तो ठेवून दिला होता. बंगळुरू परिसरातल्या शाळांत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना चष्म्याने ठळक फरक पडतो अशाच मुलांना घेतलं गेलं. त्यांतल्या ८६ टक्के मुलांना दोन्ही काचा सारख्या असलेला तयार चष्माही चालत होता. तीन-चार महिन्यांनी अचानक जाऊन पाहिलं तर तयार चष्मेवाली आणि बनवून घेतलेली, अशा दोन्ही गटांत तीन-चतुर्थांशाच्या आसपास मुलं चष्मा लावून होती. तेव्हा चष्मा कुणाला द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, ही निवड नंबराइतकीच महत्त्वाची आहे. पेटी रिकामी करण्याच्या घाईत ती निवड पहिली हरवते. चिडवण्याचा प्रश्न उरतोच. आजोबांच्या वयाच्या फ्रेमने तो कमी होणार नाही, एवढं नक्की.

नेत्रतज्ज्ञांचा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईने चष्मा दिला तर काचबिंदू, मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम हे सगळं राहून जाईल, आणि बाईला वाटेल आपले डोळे तपासले गेले. हा धोका खरा आहे. पन्नाशीच्या पुढच्या लोकांची जी राष्ट्रीय पाहणी २०१५ ते २०१९ मध्ये झाली तिच्यात अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता, आणि मोतीबिंदूवर कोणताही चष्मा, नवा असो वा जुना, कामाचा नाही. पण हा आक्षेप जवळच्या चष्म्याच्या वाटपाला जितका लागू होतो, त्याहून जास्त लागू होतो चष्म्यांच्या पेट्या घेऊन एका दिवसात शे-दोनशे माणसं उरकणाऱ्या शिबिराला. एक छिद्र असलेला पुठ्ठा डोळ्यासमोर धरून लांबचं सुधारतंय का पाहायचं, सुधारलं तर नंबर आहे, नाही सुधारलं तर रुग्णालयात पाठवायचं, एवढी चाळणी आशाताईला शिकवता येते. तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई जो तपासणी-तक्ता भरतात त्यात अंधूक दिसण्याचा आणि वाचायला त्रास होण्याचा प्रश्न आधीच आहे. पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं म्हणून उत्तर कागदावरच राहतं. जवळच्या चष्म्याच्या निमित्ताने माणूस एकदा तरी डोळ्यांसाठी केंद्रावर येतो, आणि मोतीबिंदू तिथेच सापडतो.

‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय, आणि जुने कपडे देतो तसे जुने चष्मे, ही तुलनाही त्यासोबत येते. सैल सदरा घालता येतो. चुकीच्या कोनातला सिलिंडर घालता येत नाही. शिवाय काहीच नसणं आणि काहीतरी मिळणं, एवढे दोनच पर्याय असते तरच हा युक्तिवाद टिकला असता. प्रत्यक्षात घाऊक भावात तयार चष्मा अत्यंत स्वस्त मिळतो. शासनाची यंत्रणाही कागदावर तरी जागेवर आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे त्यातून मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पथकांनी शाळेत वर्षातून एकदा जायचं असतं आणि दृष्टिदोष त्यांच्या यादीत आहे. आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालय नाशिकला आहे, आश्रमशाळांसाठी नाशिक आणि कळवण असे दोन प्रकल्प आहेत. ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचं पद असतं. वणीच्या परिसरात पैसा आणि श्रम कुठे घालायचे, हा प्रश्न आहे, आणि पेट्या वर्गवारीत लावायला बसलेले स्वयंसेवक या यंत्रणेचा तुटलेला एखादा दुवा जोडू शकले असते. उदाहरणार्थ, बाल स्वास्थ्य पथकाने दृष्टिदोष नोंदवलेल्या आश्रमशाळेतल्या मुलाचा चष्मा बनला का, आणि सुट्टीनंतर तो शाळेत परत आला का, हे कुणीतरी वहीत लिहून पाहणं.

पर्यावरणाचा मुद्दा उरतो, आणि तो टाकून देण्यासारखा नाही. धडधाकट वस्तू कचऱ्यात जाऊ नये, हे बरोबर. पण चष्म्यात टिकाऊ भाग फ्रेम असतो, काच नव्हे. चांगल्या फ्रेमला काच कापून बसवता येते, म्हणून दात्याकडून फ्रेम घ्यावी, काचेच्या नंबराकडे पाहूच नये, हे मला सर्वांत व्यवहार्य वाटतं. त्यासाठी लेन्सोमीटर लागत नाही, संगणकाची यादी लागत नाही. स्क्रू घट्ट आहेत का, दांडी सरळ आहे का, नाकावरचे पॅड बदलता येतील का, एवढं पाहिलं की झालं. बागेत घाम आणि फवारणीचं औषध सोसून टिकणाऱ्या फ्रेमचा हिशेब तर वेगळाच. जर्मनीत मार्टिन ऑफमुथ यांनी लवचीक पोलादी तारेची हाताने वळवायची फ्रेम तयार केली, तयार काचा तिच्यात खटकन बसतात. अशा फ्रेम गावपातळीवर बनवणं शहरातल्या जुन्या फ्रेमपेक्षाही उपयोगी ठरेल असं मला वाटतं, पण तारेची फ्रेम कितीजणांना आवडेल हे प्रत्यक्ष देऊनच कळेल.

नंबरासकट जुना चष्मा कामाला यावा अशी एक छोटी जागा मात्र राहते, आणि तिथे संगणकी यादी सार्थ ठरू शकते. फार मोठे नंबर, म्हणजे उणे आठच्या पुढचे, किंवा पूर्वी भिंग काढलेल्या वृद्धांचे अधिक दहा-बाराचे. अशा काचा मागवाव्या लागतात, महाग पडतात आणि आठवडे लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर फक्त अशाच चष्म्यांची, नीट मोजलेल्या आणि चरे नसलेल्या, दोन-तीनशेंची यादी ठेवली, तर नवी काच येईपर्यंत माणसाला तात्पुरता आधार देता येईल. शोध माणसापासून सुरू होईल, यादीत सापडला तर दिला, नाही तर नाही. बाकीच्यांसाठी वणीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक टेबल, पाच नंबरांचे तयार चष्मे, एक सूप आणि तांदूळ, आणि काच बसवणारा माणूस आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी. तो दिवस बाजाराचा असावा, कारण पाड्यांवरची माणसं त्या दिवशी वणीला येतातच, आणि मोडलेली दांडीही त्याच फेरीत बसवून नेतील.